जमिनीचा जुना कागद मोडीत, उर्दूत किंवा पोर्तुगीजमध्ये असेल तर तो वाचून कोण देणार?

घरातल्या लोखंडी पेटीत एक पिवळा पडलेला कागद सापडतो. वर स्टॅम्प दिसतो, खाली अंगठा दिसतो, मध्ये वीस-पंचवीस ओळी आहेत, पण त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. मग त्याचा फोटो काढला जातो आणि फेसबुकवरच्या एखाद्या ग्रुपवर पोस्ट पडते, 'कुणी मोडी वाचून देईल का? अर्जंट आहे.'

गेल्या दोन-तीन वर्षांत अशा पोस्टचं प्रमाण वाढलेलं दिसतं. त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे कुणबी नोंदींचा शोध. पण विषय फक्त आरक्षणापुरता नाही. वारसाहक्क, वाटणी, गहाण ठेवलेली शेती, हद्दीचा वाद, अशा प्रत्येक प्रकरणात शेवटी हाच प्रश्न येतो. कागद आहे, पण तो वाचणार कोण? आणि त्याने वाचलेलं बरोबर आहे, हे ठरवणार कोण?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडी शोधाशोध केली की मिळतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र आपल्याकडे कुठल्याच एका यंत्रणेकडे नाही. नेमकी अडचण तिथेच आहे.

विषय आत्ताच का आला?

७ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुरुवातीला तिचं काम मराठवाड्यापुरतं होतं. निजामकालीन नोंदींमध्ये 'कुणबी' असा उल्लेख शोधायचा आणि प्रमाणपत्राची पद्धत ठरवायची. पुढे हे काम राज्यभर नेण्यात आलं.

तपासायच्या कागदांच्या यादीत जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि शाळेचे दाखले होतेच, पण महसुली कागदही होते. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, हक्क नोंद पत्रक, सातबारा. म्हणजे जमिनीचे कागद जातीचा पुरावा म्हणून वाचले जाऊ लागले. यातले अनेक जुने कागद उर्दूत किंवा मोडीत. त्यामुळे प्रशासनाला जागोजागी मोडी आणि उर्दू जाणकारांची मदत घ्यावी लागली.

त्यानंतर ऑगस्ट २०२५ च्या शेवटी मनोज जरांगे पाटील यांचं मुंबईत आझाद मैदानावर उपोषण झालं आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटबाबतचा शासन निर्णय निघाला. त्यातही पुराव्याच्या यादीत शेतजमिनीच्या मालकीचा पुरावा आहे. साहजिकच, ज्या कागदांकडे दोन पिढ्या कुणी पाहिलं नव्हतं, ते पुन्हा बाहेर आले.

फुलसावंगीसारख्या गावात अडचण दुप्पट का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातलं फुलसावंगी हे गाव नकाशावर पाहिलं की मुद्दा लगेच कळतो. हे गाव वऱ्हाडात आहे. पैनगंगा ओलांडली की माहूर, म्हणजे नांदेड जिल्हा आणि मराठवाडा. आज दोन्ही बाजू महाराष्ट्रात आहेत. कागदांचा इतिहास मात्र वेगवेगळा आहे.

वऱ्हाड आधी निजामाच्या राज्यात होतं. १८५३ च्या तहानंतर त्याचा कारभार ब्रिटिशांकडे गेला. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आलं आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्यामुळे या भागात फारसी शब्दांनी भरलेला जुना कागद, मोडीतला मराठी कागद, बाळबोध म्हणजे देवनागरी कागद आणि इंग्रजी निवाडा, असं सगळं सापडू शकतं.

नदीच्या पलीकडे निजामाचा कारभार १९४८ पर्यंत चालला. तिथे १८८० च्या दशकात सरकारी कामकाजात फारसीची जागा उर्दूने घेतली. आणखी एक गोष्ट म्हणजे किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, आणि माहूर तेव्हा किनवट तालुक्यातच होतं. आदिलाबाद आज तेलंगणात आहे. समजा एखाद्या कुटुंबाची थोडी शेती नदीच्या अलीकडे आणि थोडी पलीकडे असेल, तर एका कागदासाठी महागाव-यवतमाळ आणि दुसऱ्यासाठी नांदेड, कदाचित थेट हैदराबाद, अशी धावपळ होऊ शकते. एकाच आजोबांचे दोन कागद, दोन लिप्या आणि दोन राज्यांची दप्तरं.

आधी हे ओळखा: लिप्यंतर हवंय की भाषांतर?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो.

मोडी ही भाषा नाही, लिपी आहे. मोडीतला बहुतेक कागद मराठीच असतो. तो देवनागरीत उतरवणं म्हणजे लिप्यंतर. पण मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक सहसा दाखवत नाहीत, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि लिहिणारा हात न उचलता भराभर लिहीत जातो. शब्द कुठे संपतो, हे वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं. गावाचं किंवा माणसाचं नाव चुकायला एवढं पुरेसं असतं.

उर्दू, फारसी किंवा पोर्तुगीज कागदाचं भाषांतर करावं लागतं. निजामाच्या जुन्या हिशेबांत आकडेही अनेकदा आकड्यांसारखे नसतात. ते 'सियाक' नावाच्या खास हिशेबी चिन्हांत लिहिलेले असतात. उत्तम उर्दू येणारा माणूसही तिथे अडतो.

आणि तिसरा थर म्हणजे महसुली आणि कायदेशीर शब्द. खरा धोका इथेच आहे.

एका शब्दाने जमीन कशी जाते?

'गहाण' हा साधा शब्द घ्या. जुन्या कागदात तो नजरगहाण असू शकतो किंवा ताबेगहाण. नजरगहाणात जमीन मालकाकडेच राहते. ताबेगहाणात ती सावकाराच्या ताब्यात जाते आणि उत्पन्नही तोच घेतो. भाषांतर करणाऱ्याने दोन्हीसाठी नुसतं 'गहाण' लिहिलं तर काय बिघडतं? बरंच काही. जमीन सोडवण्याचा दावा करायला साधारण ३० वर्षांची मुदत असते. पण ताबेगहाणात ही मुदत गहाणाच्या तारखेपासून मोजायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे एक जोडशब्द गळला की दावाच मुदतबाह्य वाटू लागतो.

दुसरं उदाहरण मुदत खरेदीचं. वरवर पाहता ते खरेदीखत असतं. पण शेवटी एक अट असते की अमुक मुदतीत पैसे परत दिले तर जमीन परत. १९२९ च्या दुरुस्तीनंतर मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो की ही अट त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच तो व्यवहार गहाण मानता येतो. वाचणाऱ्याने ती शेवटची ओळ 'नेहमीचा मजकूर' म्हणून सोडून दिली, तर कागदावर उरते फक्त विक्री.

बटई आणि मक्ता यांतही असाच फरक आहे. बटईत पिकाचा वाटा द्यायचा असतो, मक्त्यात ठरलेली रक्कम. यवतमाळकडे अनेक गावांच्या नावापुढे 'इजारा' लागतं. वऱ्हाडात ब्रिटिश काळात पडीक गावं लागवडीच्या अटीवर इजाऱ्याने दिली गेली, त्याची ही खूण. हा संदर्भ माहीत नसलेला भाषांतरकार 'इजारा' म्हणजे फक्त 'भाडेपट्टा' असं लिहून मोकळा होईल.

तारखांचं तर विचारूच नका. १९३४ च्या डिसेंबरमधला एकच दिवस मराठी कागदात शके १८५६, निजामाच्या महसुली कागदात फसली १३४४ आणि मुस्लिम कालगणनेनुसार हिजरी १३५३ असा येतो. हैदराबादच्या फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन मिळतो. महिन्यांची नावंही आजूर, बहमन अशी फारसी. फसली आणि हिजरी यांची गल्लत झाली तर वर्ष चुकतं, आणि मग विक्री वडिलांच्या मृत्यूच्या आधीची की नंतरची, हा सगळा वाद उलटा फिरतो.

क्षेत्रफळाचंही तसंच. मराठा काळातल्या मोजणीत २० पांडांचा एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चाहूर. पण बिघ्याचं माप सगळीकडे सारखं नव्हतं. म्हणून चांगला भाषांतरकार मूळ माप तसंच ठेवतो आणि एकरात रूपांतर करायचंच असेल तर कशाच्या आधारे केलं, ते सांगतो.

कायदा काय म्हणतो?

नोंदणी कायदा १९०८ मध्ये याची थोडी तरतूद आहे. कलम १९ नुसार, नोंदणीसाठी आलेला दस्त दुय्यम निबंधकाला न समजणाऱ्या आणि त्या जिल्ह्यात सर्रास न वापरल्या जाणाऱ्या भाषेत असेल, तर त्यासोबत जिल्ह्यातल्या भाषेतलं खरं भाषांतर आणि दस्ताची खरी नक्कल द्यावी लागते. नाहीतर नोंदणी नाकारली जाते. कलम ६२ त्याच्याही पुढे जातं. अशा दस्ताच्या नोंदवहीत भाषांतरच उतरवलं जातं आणि पुढच्या नकलांसाठी तेच मूळ दस्तासारखं मानलं जातं. म्हणजे सरकारी दप्तरात लोक पुढची अनेक वर्षं जे वाचणार, ते मूळ कागदातलं नाही, तर भाषांतरकाराने लिहिलेलं.

हे वजन पाहता भाषांतरकार कोण असावा, याचे कडक नियम असतील असं वाटेल. पण कलम १९ त्यावर काही बोलत नाही.

मग नोटरीचं काय? नोटरी कायदा १९५२ च्या कलम ८ नुसार नोटरीला भाषांतर करण्याचा आणि ते पडताळण्याचा अधिकार आहे. पण नोटरीला मोडी किंवा उर्दू येत नसेल तर तो पडताळणार काय? व्यवहारात बहुतेक वेळा भाषांतरकार प्रतिज्ञापत्र करतो आणि त्यावर नोटरीचा शिक्का बसतो. त्या शिक्क्याचा अर्थ 'या माणसाने आपल्यासमोर शपथ घेतली' एवढाच. 'भाषांतर बरोबर आहे' असा नाही.

आणखी एक गैरसमज आहे. ३० वर्षांपेक्षा जुना कागद कोर्ट आपोआप खरा मानतं, असं अनेकांना वाटतं. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ९२ मध्ये, म्हणजे आधीच्या पुरावा कायद्याच्या कलम ९० मध्ये, असं गृहीतक आहे खरं. पण ते सही, हस्ताक्षर आणि दस्त रीतसर केल्यापुरतं आहे, आणि कागद योग्य ताब्यातून आलेला असला पाहिजे. ते गृहीतक धरायचं की नाही, हेही कोर्टच ठरवतं. कागदातला मजकूर खरा असल्याची हमी त्यातून मिळत नाही, आणि भाषांतराची तर नाहीच. समोरच्या पक्षाने आक्षेप घेतला तर वाचणाऱ्याला साक्षीला उभं राहावं लागू शकतं. म्हणून त्याचं नाव, सही आणि पात्रता कागदावर असणं गरजेचं आहे.

भाषेची भिंत आणि बनावट कागद

हे सगळं किती टोकाला जाऊ शकतं, ते गोव्यात दिसलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण तिथल्या मालमत्तेचे जुने दस्त पोर्तुगीजमध्येच राहिले. पुढच्या पिढ्यांमध्ये पोर्तुगीज वाचणारे कमी होत गेले. अनेक मालक परदेशी गेले, काही घरं आणि जमिनी बेवारस दिसू लागल्या. त्याचा फायदा घेऊन पोर्तुगीजकालीन कागद बनावट करून जमिनी बळकावल्याची प्रकरणं पुढे आली. २०२२ मध्ये गोवा सरकारने आधी विशेष तपास पथक नेमलं आणि नंतर निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग.

यातून शिकण्यासारखी गोष्ट अशी की जो कागद गावात कुणालाच वाचता येत नाही, त्यावर शंका घेणंही कुणाला जमत नाही. मोडी आणि उर्दू कागदांबाबत महाराष्ट्रात हीच परिस्थिती आहे. जुन्या नोंदींना अचानक किंमत आली आहे आणि त्या वाचणारे मोजके आहेत.

बाहेर काय पद्धत आहे?

स्पेनचं उदाहरण पाहू. तिथे अधिकृत कामांसाठी शपथबद्ध भाषांतरकार असतात. त्यांना परराष्ट्र मंत्रालय मान्यता देतं आणि त्यांची भाषावार यादी जाहीर करतं. भाषांतरावर त्यांची सही आणि शिक्का असतो आणि त्याची जबाबदारीही त्यांचीच. समजा कुणाला लिथुआनियातल्या घराचा लिथुआनियन भाषेतला दस्त स्पेनमध्ये वापरायचा आहे. युरोपियन युनियनने २०१९ पासून जन्म, विवाह, रहिवास अशा दाखल्यांसाठी भाषांतराची अट सैल केली. घराचं खरेदीखत मात्र त्या सवलतीत येत नाही. मग या यादीतला माणूस शोधावा लागतो. लिथुआनियन आणि स्पॅनिश दोन्ही येणारे लोक थोडे असतात, म्हणून शोध सोपा नसतो. पण यादी कुठे आहे, एवढं तरी ठाऊक असतं.

असा माणूस मिळाला नाही की लोक मधल्या भाषेचा आधार घेतात. आधी इंग्रजी, मग स्पॅनिश. आपल्याकडेही हेच होतं. आधी फारसीतून उर्दू, मग उर्दूतून हिंदी, मग मराठी. प्रत्येक टप्प्यावर एखादी अट, एखादं नातं किंवा एखादा आकडा गळू शकतो. दोन टप्प्यांचं भाषांतर करावंच लागलं, तर दोन्ही टप्प्यांचे कागद जोडणं आणि दोघांच्याही सह्या घेणं हाच सुरक्षित मार्ग.

मग जाणकार शोधायचा कुठे?

राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाची दप्तरं मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे आहेत. संचालनालय मोडी लिपीचं प्रशिक्षण आणि परीक्षाही घेतं. परीक्षा पास झालेला माणूस शोधणं ही चांगली सुरुवात आहे. पुण्यात १९१० पासून काम करणारं भारत इतिहास संशोधक मंडळही आहे. उर्दू-फारसीसाठी विद्यापीठांचे भाषा विभाग विचारता येतात. निजामाचं मुख्य दप्तर हैदराबादला, तेलंगणाच्या पुराभिलेखागारात आहे.

फुलसावंगीच्या माणसाने मात्र एकदम पुणे किंवा हैदराबाद गाठायची गरज नाही. आधी महागावचं तहसील कार्यालय, भूमी अभिलेख कार्यालय आणि दुय्यम निबंधक कार्यालय इथे मूळ नोंद आहे का, ते बघावं. स्थावर मालमत्तेचा नोंदणीकृत दस्त असेल तर नोंदणी कायद्याच्या कलम ५७ नुसार त्याची सूची कुणालाही पाहता येते आणि प्रमाणित नक्कल मागता येते. पेटीतला कागद आणि दप्तरातली नक्कल जुळली, तर अर्धी लढाई तिथेच संपते.

एआयने काम होईल का?

थोडंफार, पण पुरावा म्हणून नाही. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ मध्ये. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीशी संबंधित संशोधकांनी मोडीतून देवनागरीत लिप्यंतर करणारं एआय मॉडेल आणि दोन हजारांहून जास्त प्रतिमांचा संच पुढे आणला. दप्तरातले लाखो कागद चाळायला अशी साधनं उपयोगी पडतील. पण वाळवीने खाल्लेल्या, शाई पसरलेल्या एका दस्तात 'बटई' आहे की 'मक्ता', हे ठरवताना मशीनने अंदाज केला तर तो अंदाज आहे, हे वाचणाऱ्याला कळतही नाही. एआयच्या उत्तरावर कुणाची सही नसते आणि त्याला साक्षीलाही बोलावता येत नाही.

कागद द्यायच्या आधी या गोष्टी पाळा

१. मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका. स्कॅन किंवा प्रमाणित नक्कल द्या.

२. संपूर्ण दस्ताचा फोटो सोशल मीडियावर टाकू नका. त्यात नावं, गट किंवा सर्व्हे नंबर, सह्या आणि शिक्के असतात. बनावट कागद करणाऱ्याला एवढंच हवं असतं. लिपी ओळखायची असेल तर मधल्या दोन ओळींचा फोटो पुरेसा आहे.

३. नुसता सारांश घेऊ नका. ओळीला ओळ लिप्यंतर किंवा भाषांतर मागा. स्टॅम्प, शेरे, मागची बाजू आणि समासातला मजकूर, सगळं त्यात आलं पाहिजे.

४. जे वाचता येत नाही तिथे 'अवाच्य' असंच लिहायला सांगा. रिकाम्या जागा अंदाजाने भरणारा भाषांतरकार नको.

५. नजरगहाण, मुदत खरेदी, इजारा असे शब्द मूळ रूपात ठेवून अर्थ बाजूला द्यायला सांगा. तारीख आणि मापंही तशीच.

६. प्रत्येक पानावर सही, शेवटी नाव, पात्रता, तारीख आणि प्रतिज्ञापत्र घ्या. गरज पडली तर साक्ष देणार का, हे आधीच विचारा.

७. पैसा आणि जमीन मोठी असेल तर दुसऱ्या जाणकाराकडून तोच कागद वेगळा वाचून घ्या. पहिल्याचं वाचन त्याला दाखवू नका.

८. 'तुम्हाला हवं ते वाचून देतो' असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबा. आज जे तुमच्या बाजूने वाचलं, ते उद्या दुसऱ्याच्या बाजूनेही वाचलं जाईल.

सरकारने काय करायला हवं?

दप्तरं स्कॅन करण्याचं काम सुरू आहे. निवडक जिल्ह्यांचे जुने महसुली अभिलेख ऑनलाइनही पाहता येतात. पण न वाचता येणाऱ्या कागदाचं स्कॅनिंग म्हणजे न वाचता येणारी पीडीएफ. पेटीतला कागद मोबाइलमध्ये आला, एवढाच फरक.

खरी गरज आहे ती जिल्हानिहाय जाहीर यादीची. मोडी, उर्दू, फारसी आणि सीमेवरच्या भागांत पोर्तुगीज, कन्नड, तेलुगू. परीक्षा, नोंदणी क्रमांक, ठरावीक दर आणि चुकीसाठी जबाबदारी. पाच-सहा पानांच्या कागदासाठी यवतमाळच्या शेतकऱ्याला ओळखीपाळखीतून पुण्यापर्यंत माणूस शोधावा लागू नये. परीक्षा घेणारी यंत्रणा आधीच अस्तित्वात आहे. ती परीक्षा आणि तहसील कार्यालय यांच्यात दुवा जोडायचा आहे.

तोपर्यंत कागदाइतकीच तो वाचणाऱ्याचीही पारख करावी लागेल. कारण कोर्टात, तहसीलमध्ये आणि वाटणीला बसलेल्या घरात, कागद स्वतः बोलत नाही. त्याच्या वतीने जो बोलतो, त्याचंच ऐकलं जातं.